डोमेनचा रजिस्ट्रार निवडताना

डोमेन नाव कायमचे विकत मिळत नाही, ते ठरावीक मुदतीसाठी नोंदवून मिळते. डॉट कॉमची नोंदणी कमीत कमी एक आणि जास्तीत जास्त दहा वर्षांची असते. मुदत संपत आली की नूतनीकरण करावे लागते. ही नोंदणी ज्या कंपनीमार्फत होते, ती रजिस्ट्रार. वैयक्तिक संकेतस्थळाचा पत्ता, त्यावरचा ईमेल आणि लोकांनी जपून ठेवलेले दुवे या एकाच नोंदणीवर उभे असतात. म्हणून रजिस्ट्रारची निवड घाईने उरकण्याची नाही.

या व्यवस्थेत तीन पायऱ्या आहेत. १९९८ साली स्थापन झालेली आयकॅन ही संस्था जगभरच्या डोमेन नावांची घडी सांभाळते. डॉट कॉमसारख्या प्रत्येक शेपटाची मूळ नोंदवही एका संस्थेकडे असते, तिला रजिस्ट्री म्हणतात. डॉट कॉमची रजिस्ट्री व्हेरिसाइन या कंपनीकडे आहे, तर डॉट इन आणि देवनागरीतल्या डॉट भारतची निक्सी या संस्थेकडे. ग्राहक आणि रजिस्ट्री यांच्यामधला दुवा म्हणजे रजिस्ट्रार. नाव कुठूनही नोंदवले तरी ते त्याच एका नोंदवहीत जाते. त्यामुळे महागड्या रजिस्ट्रारकडचे नाव अधिक चांगले चालते असे नाही. फरक पडतो तो दरात, सेवेत आणि बाहेर पडण्याच्या सोयीत.

दर पाहताना पहिल्या वर्षाचा आकडा बाजूला ठेवून नूतनीकरणाचा आकडा शोधावा. सप्टेंबर २०२४ मध्ये डॉट कॉमसाठी व्हेरिसाइनचा रजिस्ट्रारला लागणारा घाऊक दर वर्षाला १०.२६ डॉलर झाला. पहिल्या वर्षी नाव शे-दोनशे रुपयांत मिळत असेल, तर रजिस्ट्रार तोटा सोसत असतो आणि तो पुढच्या वर्षांत भरून काढतो. भारतात या रकमेवर १८ टक्के जीएसटीही लागतो. पैसे भरण्याआधी कार्टमधली एकेक ओळ वाचावी. ईमेल, साइट बिल्डर, सुरक्षा प्रमाणपत्र अशा वस्तू तिथे आधीच टाकलेल्या सापडतात. यातले प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्टकडून फुकट मिळते, आणि डॉट कॉमधारकाचा पत्ता व फोन झाकण्याची सोय अनेक रजिस्ट्रार मोफत देतात.

पैसे कसे भरायचे, हेही भारतीय ग्राहकाने आधीच पाहावे. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कार्डावरून ठरावीक काळाने होणाऱ्या कपातीला ई-मँडेट, म्हणजे ग्राहकाची आगाऊ संमती, लागते. परदेशी रजिस्ट्रारकडे ही सोय नसेल, तर ऑटो-रिन्युअल सुरू असूनही पैसे कापले जात नाहीत. रुपयांत बिल देणारा आणि यूपीआय घेणारा रजिस्ट्रार इथे सोयीचा पडतो. नाहीतर काही वर्षांचे पैसे एकदम भरून टाकावेत.

मुदत टळली तर काय होते, हे रजिस्ट्रारच्या अटींमध्ये वाचून घ्यावे. डॉट कॉमच्या बाबतीत रजिस्ट्रार जास्तीत जास्त ४५ दिवसांची सवलत देऊ शकतो, पण सगळे तेवढी देत नाहीत. नाव रद्द झाले की पुढचे ३० दिवस ते जबर दंड भरून सोडवता येते. त्यानंतर ५ दिवसांनी ते कोणालाही घेता येते. मुदतीची आठवण ईमेलने येते. रजिस्ट्रारकडे दिलेला ईमेल त्याच डोमेनवरचा असला, तर नाव बंद पडताच तोही बंद पडतो आणि नेमकी गरजेची सूचना पोहोचत नाही. म्हणून खात्यासाठी वेगळा ईमेल द्यावा आणि दुहेरी पडताळणी चालू ठेवावी.

नोंदणी स्वतःच्याच नावावर असावी. साइट बनवून देणाऱ्याने आपल्या खात्यातून नाव नोंदवले, तर कागदोपत्री धारक तोच ठरतो आणि पुढे वाद झाला की नाव परत मिळवणे कठीण जाते. डोमेन आणि होस्टिंग, म्हणजे साइट ठेवण्याची जागा, वेगवेगळ्या ठिकाणी असले तर एकीकडे बिघडले तरी दुसरे हाती राहते.

शेवटची कसोटी बाहेर पडण्याची. नाव दुसऱ्या रजिस्ट्रारकडे न्यायचे तर ते हलवू न देणारे कुलूप काढून ऑथ कोड, म्हणजे हस्तांतराचा सांकेतिक शब्द, घ्यावा लागतो. आयकॅनच्या नियमांप्रमाणे मागणी केल्यावर तो ५ दिवसांत मिळायला हवा. नोंदणीनंतरचे पहिले ६० दिवस साधारणपणे रजिस्ट्रार बदलता येत नाही. डॉट कॉमचे नाव हलवताना जे पैसे भरले जातात, त्यात मुदत एक वर्षाने वाढते. नाव हलवण्याची ही सोय कधी निकडीची ठरू शकते. २००७ मध्ये आयकॅनने रजिस्टरफ्लाय या रजिस्ट्रारची मान्यता काढून घेतली, तेव्हा लाखो नावे दुसरीकडे हलवावी लागली. २०२३ मध्ये गूगलनेही आपला डोमेन व्यवसाय स्क्वेअरस्पेसला विकला. त्यामुळे कंपनीच्या मोठेपणावर विसंबू नये. नूतनीकरणाचा दर उघड सांगणारा, कुलूप आणि कोड खात्यातच हाताळू देणारा आणि अडचणीत माणसाशी बोलू देणारा मान्यताप्राप्त रजिस्ट्रार निवडावा, मग तो थोडा महाग असला तरी चालेल.