वचन पूर्ण, पैसे मात्र उशिरा

हुतात्मा, बेपत्ता व अपंग झालेल्या सैनिकांच्या मुलांच्या शिक्षणाचा भार उचलण्याचे वचन शासनाने १९७१च्या युद्धाच्या वेळी दिले. २०१७मध्ये, सातव्या वेतन आयोगाच्या निमित्ताने, शिक्षणशुल्क व वसतिगृह मिळून दरमहा १०,००० रुपयांची मर्यादा त्यावर आली. नौदलप्रमुख सुनील लांबा यांना संरक्षणमंत्र्यांकडे पत्र धाडावे लागले. मार्च २०१८मध्ये मर्यादा उठली.

प्रश्न तेथेच मिटला, असे मानणाऱ्यांशी माझा वाद आहे. मर्यादा गेली, पद्धत प्रतिपूर्तीचीच राहिली : शुल्क आधी भरा, पावत्या जोडा, मग वाट पाहा. मंजूर रक्कम आणि हातातील रक्कम यांतील अंतर कर्जाने भरून निघते, हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही. आम्हा अधिकाऱ्यांना दौऱ्यासाठी अग्रिम मिळतो. वीरपत्नीने मात्र मुलीच्या पहिल्या सत्राचे पैसे कुठून आणायचे?

लेखापरीक्षणाची सबब टिकत नाही. सवलत मान्यताप्राप्त संस्थांपुरतीच आहे. शुल्क थेट संस्थेला दिल्यास हिशेब उलट सोपाच होईल. ज्याने प्राण आगाऊ दिले, त्याच्या मुलांना शुल्क मागाहून देणे ही काटकसर नव्हे, कृतघ्नता आहे.