चोखोबांना कोणी अडवले?

देवावर श्रद्धा ठेवायला धर्मसंस्थेचा परवाना लागत असता, तर चोखामेळ्याचे अभंग जन्मलेच नसते. १४व्या शतकातल्या या महार संताला पंढरपूरच्या देवळात प्रवेश नव्हता. समाधीसुद्धा महाद्वारासमोर, बाहेरच. ते दार दलितांना उघडायला १९४७ साल उजाडले, साने गुरुजींना उपोषण करावे लागले. शास्त्राने नाकारलेली भक्ती मधली सहा शतके तगून राहिली, ती कोणत्या सिद्धान्ताच्या आधारावर?

यावरचा आक्षेप हलका नाही. संघटनेवाचून श्रद्धा विरते, असे म्हणतात. १८६७मध्ये मुंबईत निघालेल्या प्रार्थना समाजाने मूर्तिपूजा आणि ग्रंथप्रामाण्य बाजूला सारले. रानडे-भांडारकरांसारखी माणसे लाभूनही तो सुशिक्षितांच्या वर्तुळापलीकडे फारसा गेला नाही. वारी मात्र चालूच आहे, आणि चोखोबांचे अभंग तिच्याच मुखातून आपल्यापर्यंत आले. तेव्हा श्रद्धेला सोबत लागते, हे मान्यच करायला हवे. मताची सक्ती लागते, हे मात्र त्यातून सिद्ध होत नाही. हैबतबाबांनी १९व्या शतकात पालखी सोहळ्याला शिस्त लावली. माळ, एकादशी, दिंडीतला क्रम हे नियम आहेतच. पण देवाविषयी तुमचे मत काय, हे तिथे कोणी तपासत नाही. अद्वैत कोळून प्यालेला आणि निव्वळ भोळा एकाच टाळावर चालतात. दिंड्यांत भांडणे होतातच, पण ती बहुधा मानापानाची.