अतिरिक्त कोण?

‘अतिरिक्त भ्रूण’ हा शब्दप्रयोग आता सहजपणे वापरला जातो आणि तो वाचून कुणी थबकत नाही. गोदामात धान्य अतिरिक्त ठरते, शाळेत शिक्षक अतिरिक्त ठरतो, तसेच हेही असावे, असा वाचकाचा समज होतो. परंतु धान्य अतिरिक्त ठरते ते पीक भरघोस आल्यामुळे आणि शिक्षक अतिरिक्त ठरतो तो पटसंख्या घटल्यामुळे. भ्रूणाच्या बाबतीत असे काही आकस्मिक घडत नसते. काही उरावेत या हिशेबानेच ते निर्माण केलेले असतात. माझा आक्षेप या हिशेबाला आहे.

तो हिशेब असा. स्त्रीच्या शरीरात एरवी दर महिन्याला एक बीज परिपक्व होते. संप्रेरकांची इंजेक्शने देऊन एकाच वेळी दहा-बारा बीजे मिळवता येतात. ती सारी प्रयोगशाळेत फलित करावयाची, त्यांतून एक-दोन भ्रूण गर्भाशयात सोडावयाचे आणि उरलेले द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंश सेल्सिअस तापमानाला गोठवून ठेवावयाचे. पहिला प्रयत्न फसला तर ते हाताशी असतात. तो यशस्वी झाला तर दाम्पत्य बाळाला घेऊन घरी जाते आणि मागे राहिलेल्यांची आठवण साठवणुकीचे शुल्क भरण्यापुरती उरते. पुष्कळदा पुढे तीही उरत नाही.

मग कायदा पुढे येतो. साहाय्यभूत प्रजनन तंत्रज्ञानाविषयी आपल्या संसदेने २०२१ साली केलेला कायदा २५ जानेवारी २०२२ रोजी अंमलात आला. मोकाट सुटलेल्या एका व्यवसायाला त्याने नोंदणीची वेसण घातली, हे मान्य केले पाहिजे. पण त्याचे अठ्ठाविसावे कलम वाचावे. भ्रूण दहा वर्षांपेक्षा अधिक काळ साठवता येणार नाही. मुदत संपली की त्याला नष्ट होऊ द्यावे किंवा संबंधितांच्या संमतीने संशोधनसंस्थेकडे सोपवावे. दात्या स्त्रीकडून सातांहून अधिक बीजे घेऊ नयेत, एवढी मोजदाद याच कायद्याला सुचली; एका दाम्पत्यासाठी किती भ्रूण निर्माण करावेत, याची कमाल संख्या मात्र त्याने ठरवली नाही. मृत्यूची तारीख निश्चित झाली आणि जन्माला घालण्याची मोकळीक तशीच राहिली.

अशी तारीख उगवते तेव्हा काय होते, हे ब्रिटनने पाहिले आहे. तेथील १९९० च्या कायद्याने पाच वर्षांची मुदत घातली होती. १ ऑगस्ट १९९६ रोजी ती प्रथम भरली, तेव्हा ज्यांच्या मातापित्यांचा पत्ता लागला नाही किंवा ज्यांच्याकडून उत्तर आले नाही, असे तीन हजारांहून अधिक भ्रूण नष्ट करण्याचे काम सुरू झाले. २०२२ पासून तेथे दर दहा वर्षांनी संमती देत गेल्यास हीच मुदत ५५ वर्षांपर्यंत नेता येते. आजीने गोठवलेल्याचा निर्णय उद्या नातवंडांना करावा लागला तर नवल नाही.

यावर ख्रिस्तसभेकडे तयार उत्तर आहे, अशा भ्रमात कुणी राहू नये. पतिपत्नींच्या मीलनाला बाजूला सारून प्रयोगशाळेत होणारी गर्भधारणा तिने १९८७ च्या ‘दोनुम व्हीते’ या शिकवणपत्रात अमान्य केली. मात्र अशा उपचाराने जन्मलेल्या बालकाचे प्रेमानेच स्वागत झाले पाहिजे, हेही तेथेच सांगितले. पण जे आधीच गोठवले गेले त्यांचे काय? मे १९९६ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी भ्रूणनिर्मिती थांबवण्याचे आवाहन केले, ते या भ्रूणांसाठी नैतिकदृष्ट्या निर्दोष असा मार्ग दिसत नाही, हे सांगतच. २००८ च्या ‘दिग्नितास पेर्सोने’ने त्यांना दत्तक घेण्याच्या कल्पनेमागील हेतूची प्रशंसा केली, तिच्यातील अडचणी दाखवल्या आणि हा अन्याय निस्तरता येणारा नाही, असे स्पष्ट म्हटले. व्हॅटिकनच्या दस्तऐवजांत एवढी प्रांजळ कबुली क्वचित आढळते. जी गाठ सोडवता येत नाही ती निदान नव्याने मारू नये, एवढा अर्थ तीतून निघतो आणि मला तो पुरेसा वाटतो.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो क्षुल्लक नाही. भ्रूण कमी केले तर त्याच स्त्रीला पुन्हा इंजेक्शने, पुन्हा भूल, पुन्हा कर्ज. इटलीने २००४ साली तीन भ्रूणांची मर्यादा घातली. २००९ मध्ये तेथील घटनात्मक न्यायालयाने ती स्त्रीच्या आरोग्याच्या कारणास्तव रद्द केली. तो निर्णय मला अन्यायाचा वाटत नाही. परंतु आज फलित न झालेले स्त्रीबीज गोठवण्याचे तंत्र चांगलेच विकसित झाले आहे. स्त्रीबीज म्हणजे भ्रूण नव्हे. बीजे गोठवावीत आणि गर्भाशयात सोडावयाची तेवढीच फलित करावीत. यात काही बीजे वाया जातील, कदाचित खर्चही वाढेल. पण स्त्रीला पुनःपुन्हा इंजेक्शने दिल्यावाचून दुसरा मार्गच नाही, हे आता म्हणता येणार नाही. जर्मनीच्या १९९० च्या भ्रूणसंरक्षण कायद्याने एका पाळीचक्रात सोडावयाच्या संख्येपेक्षा अधिक बीजे फलित करण्यास मनाई केलेली आहे. शासनाने आपली धर्मतत्त्वे स्वीकारावीत, अशी मागणी मी करीत नाही. जे टाकून द्यावयाचे आहे ते घडवू नये, एवढेच मागणे आहे. त्यासाठी बाप्तिस्मा झालेला असण्याची गरज नाही.

आता आपल्याकडे वळू. लग्नाला वर्ष उलटले की प्रत्येक साखरपुड्यात, प्रत्येक बारशात सुनेला एकच प्रश्न विचारणारे कोण असतात? वेलंकणीची नोव्हेना सुचवणारे पुष्कळ. नवऱ्याचीही तपासणी करून घ्या, असे सांगणारा एखादाच. शमुवेलाच्या पुस्तकातील हन्नाला सवत टोमणे मारी, आणि ती मंदिरात अश्रू ढाळीत ओठ हलवू लागली तेव्हा एली याजकाला ती मद्य प्यालेली वाटली. आपल्या धर्मग्रामांत दोन्ही भूमिका आजही मनोभावे वठवल्या जातात. सासरचे टोमणे मारतात, प्रवचनपीठ दटावते, आणि आजची हन्ना घर गहाण टाकून, कुणालाही न सांगता, शहरातल्या केंद्राची पायरी चढते. तेथे तिच्यासमोर इंग्रजीतले संमतिपत्र ठेवले जाते. अतिरिक्त भ्रूणांविषयीचा रकाना त्यातच कोठेतरी असतो.

विवाहपूर्व शिबिरांत या विषयाला पूर्ण एक तास द्यावा आणि तो डॉक्टरांनी घ्यावा. गर्भनलिकांवरील शस्त्रक्रिया, संप्रेरकांचे उपचार यांना ख्रिस्तसभेची आडकाठी नाही, हेच बहुसंख्य दाम्पत्यांना ठाऊक नसते. दत्तक मुलाकडे ‘कुणाचे रक्त’ म्हणून पाहणे आपण प्रथम थांबवावे, नंतर दत्तकाचा उपदेश करावा. आणि एवढे सारे ऐकूनही जे दाम्पत्य प्रयोगशाळेच्या दाराशी जाईल (जाणारच, आणि त्यांच्याशी अबोला धरून काही साधणार नाही), त्यांनी सही करण्यापूर्वी डॉक्टरांना एवढे तरी विचारावे : आमचे किती भ्रूण निर्माण करणार आहात, आणि त्यांतले किती माझ्या पत्नीच्या उदरात जाणार आहेत? दोन्ही आकडे एकच असावेत, असा आग्रह धरावा आणि ते कागदावर लिहून घ्यावेत. याला कुणी तडजोड म्हणतील. म्हणोत.