ळ गाळलेली आडनावे

पोलंडचे कामगार नेते लेख वावेंसा यांचे आडनाव मराठी वृत्तपत्रांनी 1980 च्या दशकात सर्रास ‘वालेसा’ असे छापले. मूळ पोलिश लेखनात त्यातील ‘ल’वर तिरपी रेघ असते आणि उच्चार ‘व’कडे झुकतो. या आडनावाशी जुळणाऱ्या पोलिश क्रियापदाचा अर्थ भटकणे असा आहे. इंग्रजी टंकात ती रेघ नव्हती, म्हणून ती गळाली. परक्याच्या नावाबाबतचा हा हलगर्जीपणा एकवेळ क्षम्य मानू. पण स्वतःच्या नावाबाबत?

आपल्या बैहरात पिंगळे ‘पिंगले’ झाले, दळवी ‘दलवी’, काळे ‘काले’. पहाटे दारी येऊन भविष्य सांगणारा पिंगळा आणि दळाचा नायक दळवी या लेखनात उरतच नाहीत. ‘हिंदीत ळ नाही’ हे उत्तर 1956 साली नागपूरची राजधानी सुटली तेव्हापासून आपण ऐकतो आणि मान डोलावतो. ते अर्धेच खरे आहे. प्रमाण हिंदीच्या उच्चारात ळ नाही. केंद्रीय हिंदी निदेशालयाच्या मानक वर्णमालेत मात्र तो आहे, संगणकाच्या देवनागरीतही आहे. अडते ते बव्हंशी आपल्याच संकोचापाशी. शाळेच्या प्रवेशअर्जावर ‘काले’ आपणच लिहितो, आणि घरी नातू ‘बाळ’ला ‘बाल’ म्हणाला की त्याला दटावतो!

जुने दाखले दुरुस्त करणे किचकट आहे, हे मान्य. नव्या अर्जावर ळ लिहिण्यापासून आपल्याला कोणी अडवलेले नाही. येत्या प्रवेशाच्या वेळी तेवढे तरी करावे.