अंगठा दिला, पुढे त्याचं काय होतं?

मुळशीत भातलावणी सुरू झाली की बोटांच्या भेगा आणि चिखल्या घेऊन रुग्ण येऊ लागतात. सोबत ठरलेलं गाऱ्हाणं असतं, "डॉक्टर, रेशनच्या मशीनवर अंगठा उमटत नाही." परवा एका आजींनी मात्र उलटं विचारलं, "उमटला आणि कुणी चोरला तर?"

आजींची भीती खरी आहे. पासवर्ड बदलता येतो, बोट नाही. खरेदीखतावरच्या ठशांवरून नकली बोटं बनवून बँक खाती रिकामी केल्याचे गुन्हे देशात घडले आहेत.

आता हे समजून घ्या. साठवलेली किंवा पाठवली जाणारी माहिती कुलूपबंद ठेवता येते. पण तिच्यावर काम करताना संगणकाला ती सहसा उघडावी लागते, आणि धोका तिथेच असतो. पोट उघडायचं तर आम्ही ते ओपीडीत उघडत नाही. त्यासाठी निर्जंतुक ऑपरेशन थिएटर लागतं. तसंच एक थिएटर आता चिपमध्येच बांधलेलं असतं. त्याला 'ट्रस्टेड एक्झिक्युशन एन्व्हायर्नमेंट' म्हणतात. बाकीच्या संगणकात व्हायरस शिरला, तरी आत काय चाललंय ते त्याला दिसू नये, अशी ही रचना असते. ऑटोक्लेव्हमधल्या पट्टीचा रंग बदलला की अवजारं वाफेतून गेल्याचं आम्हाला कळतं. तशी, आत ठरलेलाच प्रोग्राम चालू असल्याची खूण हे थिएटर बाहेर देऊ शकतं.

आधारच्या जुन्या 'एल-०' यंत्रांत ठसा कुलूपबंद करण्याचं काम जोडलेल्या संगणकातल्या सॉफ्टवेअरमध्ये व्हायचं. नव्या 'एल-१' यंत्रांत ते यंत्रातल्या सुरक्षित कप्प्यातच होतं. तुमच्या मोबाइलचंही तसंच. फोन बोटाने उघडता तेव्हा ठशाची नोंद चिपच्या कप्प्यातच राहते; अ‍ॅपला फक्त 'हो' किंवा 'नाही' कळतं.

माझं मत स्पष्ट आहे. अंगठ्याला जी काळजी, ती रक्ताच्या रिपोर्टला का नको? 2021 पासून आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये आपल्या नोंदी ऑनलाइन जोडल्या जात आहेत. एचआयव्ही, क्षयरोग, मानसिक आजार यांची माहिती फुटेल या भीतीने रुग्ण डॉक्टरांपासूनही आजार लपवतात, आणि उपचार लांबतात. अशा नोंदींवर दुसऱ्याच्या सर्व्हरवर काम होणार असेल, तर ते अशा थिएटरातच व्हावं आणि ती 'पट्टी' दाखवणं बंधनकारक असावं.

पण उत्तम थिएटरातही कधी जंतुसंसर्ग होतोच. 2018 मध्ये इंटेलच्या अशाच कप्प्यातून माहिती बाहेर काढता येते, हे संशोधकांनी दाखवून दिलं. शिवाय ऑपरेशन करायचं की नाही, हे थिएटर ठरवत नाही. त्यासाठी तुमची संमती लागते. माहिती कशाला हवी, हे विचारल्याशिवाय ती देऊ नका.

आजींच्या नातवाला मी आधारचं बायोमेट्रिक लॉक करायला सांगितलं. रेशनच्या दिवशी ते तात्पुरतं उघडायचं. आणि हो, घरच्यांचे रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. तिथे कोणतीच चिप तुम्हाला वाचवणार नाही.