रस्ता सायकलवाल्याचाही आहे



शिरूर अनंतपाळच्या रस्त्यावर सकाळी जरा उभे राहून पाहा. कामाला निघालेला बाप सायकलीवर, शाळेला निघालेली लेक सायकलीवर. मागून ऊस भरलेली ट्रॉली आली, हॉर्न वाजला, की दोघेही मुकाट्याने कडेच्या मुरमात उतरतात. जणू रस्ता मोठ्या गाडीवाल्याच्या बापजाद्यांचा!

रस्ता सोडून खाली उतरणे आपल्या समाजाला नवे नाही. पेशवाईत समोरून सवर्ण येत असेल तर अस्पृश्याला सार्वजनिक रस्ता वापरता येत नसे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये नोंदवले आहे. पुढे घटनेच्या कलम १५ मध्ये विहिरी, तलाव, स्नानाचे घाट यांच्या जोडीला ‘रस्ते’ही आले. ते कलम जातीच्या बंदीविरुद्ध आहे, सायकलीसाठी नाही. पण सरकारी पैशाचा रस्ता सर्वांचा, हा धडा आपण त्यातूनच घ्यायचा.

अमेरिकेत काही शहरांत रस्त्यावरच सायकलीचे चित्र आणि त्यावर दोन बाण रंगवतात. अर्थ असा, की ही वाट मोटार आणि सायकल दोघांची. १९९३ च्या सुमारास डेन्व्हर शहरात ही खूण सुरू झाली आणि २००९ साली त्या देशाच्या नियमावलीत आली. उभ्या मोटारीचे दार अचानक उघडून सायकलवाला पडू नये, म्हणून ती कडेपासून जरा आत रंगवतात.

पण नुसत्या रंगावर भागत नाही. शिकागोच्या एका अभ्यासात दिसले, की जिथे फक्त खूण रंगवली तिथे सायकलस्वारांच्या दुखापती सर्वांत कमी घटल्या. वेगळा पट्टा आखला तिथे जास्त घटल्या. कागदावरचा हक्क आणि डांबरावरची खूण, दोन्हींची अंमलबजावणी करून घ्यावी लागते. नेदरलँड्समध्ये १९७१ साली चारशेहून अधिक मुले रस्त्यावर मेली, तेव्हा आईबाप रस्त्यावर उतरले. आज तिथे सायकलीला वेगळी वाट आहे, ती आपोआप मिळालेली नाही.

मग आपण काय करावे? मुलांना सांगा : डावीकडूनच चला, पण अगदी कडेला, खड्ड्यात नको. उभ्या गाडीपासून दार उघडेल एवढे अंतर ठेवा. वळताना हात दाखवा. मागच्या मडगार्डला लाल रिफ्लेक्टर लावा; रात्री तोच जीव वाचवतो. भरलेली ट्रॉली अंगावर येत असेल तर मात्र हट्ट नको, आधी जीव सांभाळा.

आणि महिला मंडळाने, तरुणांनी मिळून नगरपंचायतीला लेखी अर्ज द्यावा : शाळेसमोर गतिरोधक हवा, रस्त्याची कड बुजवून हवी, सायकलीला पट्टा हवा. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा हा मंत्र शाळेच्या वाटेलाही लागू आहे.

जयभीम!