रंग पेंटरने नाही, भिंतीने प्यायला

दिवाळी जवळ आली की गावोगाव एकच तक्रार ऐकू येते. "डब्यावर लिहिलं होतं तेवढा रंग पुरला नाही, पेंटरने लांबवला." मग मजुरीतून पैसे कापायचे. उन्हात शिडीवर उभं राहून हात भरून येणाऱ्या माणसाला चोर ठरवायचं. हे मला अजिबात पटत नाही. चोर म्हणायच्या आधी निदान हिशोब तरी करा.

आपल्याला पाऊस मोजता येतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. रंगाचंही तेच गणित. एक लिटर रंग 10 चौरस मीटरवर, म्हणजे साधारण 108 चौरस फुटांवर पसरला तर ओला थर मिलिमीटरचा दहावा भाग होतो. त्यातलं पाणी उडून गेलं की निम्माही उरत नाही. आता सांगा, एवढा पातळ थर खरबरीत गिलाव्यावर कसा पुरणार? वाळूच्या प्रत्येक कणाची वर-खाली बाजू रंग मागते. वर सिमेंटही पाणी ओढतं. रानात ढेकळं असली की पहिलं पाणी कसं जिरतं, तसंच.

समजा डब्यावर छापलंय, दोन हातांना लिटरमागे 120 ते 140 चौरस फूट. हा आकडा खोटा नाही. पण तो पुट्टी मारलेल्या, प्रायमर दिलेल्या गुळगुळीत भिंतीचा आहे. "पृष्ठभागानुसार फरक पडेल" हे मात्र बारीक अक्षरात. आकडा ठळक आणि अट बारीक, माझा राग इथं आहे.

दुसरी गफलत आपल्या मोजमापाची. 10 बाय 12 ची खोली म्हणजे 120 फूट, असं म्हणून आपण दुकानात जातो. अहो, ती जमीन झाली! उंची 10 फूट धरली तर चार भिंती 440, दार-खिडकीचे 37 वजा, छताचे 120 मिळवले तर 523 चौरस फूट होतात. जमिनीच्या चौपटीहून जास्त. लिटरला 130 पडला तर 4 लिटर लागतील, उघड्या गिलाव्यावर 80 च पडला तर साडेसहा. मधला अडीच लिटर पेंटरच्या घरी गेला का? गोठ्याच्या पन्हाळी पत्र्याचंही तसंच. लाटेवरून सुतळी फिरवून बघा, फूटभर रुंदीला फुटाहून जास्त सुतळी लागते.

काही जण सांगतात, "पाणी जास्त घाल, पुरवून ने." दुधात पाणी घातलं म्हणून लोणी वाढतं का? पाणी उडून जातं, रंग होता तेवढाच राहतो. डब्यावर जेवढं पाणी सांगितलंय त्याच्यापुढं गेलात तर दोनाच्या जागी तीन हात मारावे लागतात आणि मजुरी वाढते ती वेगळीच.

पेरणीआधी आपण सोयाबीनचे 100 दाणे घेऊन उगवण तपासतो ना? मग रंगाचीही तपासणी करा. प्रायमर सुकल्यावर भिंतीवर 10 बाय 10 चा चौकोन आखा. मोजून एक लिटर रंग पेंटरला द्या आणि स्वतः समोर उभे राहा. दोन हात होईपर्यंत किती लागला ते बघा. तुमच्या भिंतीचा खरा आकडा तोच, मग डब्यावर काहीही छापलेलं असो.

कंपन्यांनाही सांगणं आहे. गुळगुळीत भिंतीला किती, उघड्या गिलाव्याला किती आणि आकडा किती हातांचा, हे तिन्ही सारख्याच मोठ्या अक्षरात छापा. दुकानदारांनीही डबा देताना गिऱ्हाइकाला भिंत कशी आहे हे विचारावं.

आणि ज्यांनी यंदा नुसत्या संशयावरून मजुरी कापली असेल, त्यांनी फीत घेऊन भिंती मोजा. हिशोब जुळला तर राहिलेले पैसे दिवाळीच्या आत त्या माणसाला देऊन टाका. त्याच्या घरीही दिवाळी आहे.